गाडीतील वायरलेस चार्जिंग भरवशाचे कसे करावे

पुण्याहून कोल्हापूरला निघताना फोन चार्जिंग पॅडवर ठेवला, नकाशा सुरू केला, आणि कराड येईपर्यंत बॅटरी चढण्याऐवजी उलट उतरली, ही तक्रार आता वारंवार ऐकू येते. काहींच्या गाडीत प्रत्येक गतिरोधकावर चार्जिंग सुटते आणि पुन्हा लागते, काहींचा फोन अर्ध्या तासात हातात धरवत नाही इतका तापतो, तर काहींच्या पॅडवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. अशा वेळी पॅड खराब आहे असे समजून तो बदलला जातो आणि नवा पॅडही तसाच वागतो. याचे कारण असे की बहुतेक वेळा दोष पॅडमध्ये नसतो. फोन आणि पॅड यांची जुळणी, फोन ठेवण्याची जागा, पॅडला मिळणारी वीज आणि उष्णता या चार गोष्टींपैकी एखादी कुठेतरी कमी पडत असते, आणि आपल्या हवामानात ती बहुधा उष्णता असते. म्हणून खर्च करण्यापूर्वी या चारही गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

आधी पॅडमध्ये काय चालते ते पाहू

चार्जिंग पॅडमध्ये तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, म्हणजे कॉइल असते आणि तशीच दुसरी कॉइल फोनच्या पाठीमागे असते. पॅडच्या कॉइलमधून वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्या क्षेत्रामुळे फोनच्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. फोनसाठी या तंत्राचे जे मानक जगभर रूढ झाले आहे त्याचे नाव ‘क्यूआय’ असून, २००८ मध्ये स्थापन झालेली वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही संस्था ते सांभाळते.

पॅड आणि फोन एकमेकांशी सतत बोलत असतात, ही गोष्ट वापरणाऱ्यांच्या फारशी लक्षात येत नाही. पॅड अधूनमधून क्षीण संकेत पाठवून वर काही ठेवले आहे का ते पाहतो. फोन आपली ओळख देतो, किती वीज हवी ते सांगतो आणि त्यानंतर ‘थोडी वाढव’, ‘थोडी कमी कर’ असे निरोप एकसारखे पाठवत राहतो. फोन काही मिलिमीटर सरकला आणि हा निरोप तुटला, की पॅड सुरक्षिततेसाठी वीज थांबवतो आणि ओळखीपासून पुन्हा सुरुवात करतो. खराब रस्त्यावर चार्जिंगचा आवाज पुन्हा पुन्हा येतो तो यामुळेच. पाठवलेली आणि पोहोचलेली वीज यांत मोठी तफावत दिसली, तर मध्ये एखादी धातूची वस्तू तापत असावी असे समजूनही पॅड बंद होतो. हा संवाद ध्यानात ठेवला तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागचे कारण आपोआप कळते.

पहिली पायरी: दोष नेमका कोणाचा ते ठरवा

सर्वांत आधी गाडी सावलीत उभी करावी, इंजिन सुरू ठेवावे, फोनचे कव्हर काढावे आणि फोन पॅडच्या मध्यावर ठेवून पडदा बंद करावा. अशा शांत स्थितीत चार्जिंग नीट होत असेल, तर पॅड, फोन आणि वीज तिन्ही मूलतः ठीक आहेत आणि अडचण हलण्याची, कव्हरची किंवा उष्णतेची आहे. या स्थितीतही चार्जिंग होत नसेल, तर तोच फोन घरातल्या किंवा मित्राच्या वायरलेस चार्जरवर ठेवून पाहावा आणि गाडीच्या पॅडवर दुसऱ्या कोणाचा तरी फोन ठेवून पाहावा. या दोन अदलाबदलींतून दोष फोनचा की पॅडचा हे जवळजवळ निश्चित होते. अनेक जण ही साधी तपासणी न करता थेट शोरूम गाठतात, म्हणून तिचा येथे आग्रह धरतो.

दुसरी पायरी: आपला फोन काय स्वीकारतो ते जाणून घ्या

भारतात विकल्या जाणाऱ्या मध्यम किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये वायरलेस चार्जिंगची सोयच नसते. आयफोनमध्ये ती २०१७ मध्ये आलेल्या आयफोन ८ पासून आहे. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेत ती आहे, पण ए मालिकेत सहसा मिळत नाही. वनप्लस ११ मध्ये ती नव्हती, वनप्लस १२ मध्ये आहे. फोनची पाठ काचेची आहे म्हणून ही सोय असेलच असे नाही. उत्पादकाच्या माहितीपत्रकात ‘वायरलेस चार्जिंग’ असा स्पष्ट उल्लेख आणि त्यापुढे वॅटचा आकडा असला तरच ती आहे असे मानावे. सोय नसलेल्या फोनच्या चार्जिंग पोर्टमध्ये खोचून पाठीला चिकटवायचे पातळ रिसीव्हर बाजारात मिळतात, परंतु त्यांचा वेग कमी असतो आणि धावत्या गाडीत ते भरवशाचे ठरत नाहीत. अशा फोनसाठी चांगली केबलच घ्यावी.

सोय असली तरी वेगाचा हिशेब वेगळाच असतो. क्यूआयची मूळ पातळी ५ वॅटची आणि विस्तारित पातळी १५ वॅटपर्यंतची आहे. साध्या क्यूआय पॅडवर आयफोन ७.५ वॅटपेक्षा जास्त वीज घेत नाही, पॅडच्या खोक्यावर १५ वॅट छापलेले असले तरीही. आयफोन १२ पासून बहुतेक आयफोनमध्ये पाठीमागे चुंबकांचे कडे आले, आणि त्या तंत्रावर आधारलेले ‘क्यूआय २’ हे मानक २०२३ मध्ये जाहीर झाले. चुंबकांमुळे दोन्ही कॉइल बरोबर समोरासमोर बसतात आणि १५ वॅट मिळू शकतात. याला अपवादही आहेत. उदाहरणार्थ, आयफोन १६ई मध्ये हे चुंबक नाहीत आणि तो ७.५ वॅटच घेतो. काही चिनी कंपन्यांचे ५० वॅटचे वायरलेस चार्जिंग त्यांच्या स्वतःच्या चार्जरवरच चालते. गाडीतल्या सर्वसाधारण क्यूआय पॅडवर तेच फोन कितीतरी कमी वेगाने चार्ज होतात.

म्हणून खरेदीचा नियम असा ठेवावा की फोनमध्ये चुंबक असतील तर क्यूआय २ प्रमाणित माउंट, म्हणजे फोन धरून ठेवणारा चार्जिंग होल्डर घ्यावा आणि नसतील तर विस्तारित पातळीचा क्यूआय पॅड घ्यावा. केवळ ‘फास्ट’ असे लिहिलेल्या, कोणतेही प्रमाणन नसलेल्या स्वस्त पॅडवर विश्वास ठेवू नये, कारण मध्ये आलेला धातू ओळखण्याची यंत्रणा नेमकी तिथेच कच्ची असते.

तिसरी पायरी: फोनची पाठ मोकळी करा

दोन कॉइलमधले अंतर काही मिलिमीटरने वाढले तरी वीज पोहोचण्याचे प्रमाण घसरते आणि उष्णता वाढते. दोन-अडीच मिलिमीटरचे साधे सिलिकॉन किंवा प्लास्टिकचे कव्हर बहुधा चालते. जाड, दणकट ‘आर्मर’ कव्हर, पाकिटासारखे उघडणारे लेदर कव्हर किंवा दोन थरांचे कव्हर मात्र अडथळा ठरते. चुंबकी होल्डरसाठी पाठीला चिकटवलेली लोखंडी पट्टी, बोटात अडकवायची धातूची रिंग आणि कव्हरमध्ये सरकवून ठेवलेली नाणी या वस्तू काढल्याशिवाय पुढे जाऊच नये. त्या तापतात, आणि पॅडने त्यांना वेळीच ओळखले नाही तर कव्हर वितळण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

कव्हरच्या खाली एटीएम कार्ड किंवा मेट्रो कार्ड ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. या कार्डांमधल्या बारीक अँटेनाला आणि चिपला चार्जरच्या क्षेत्राने इजा होऊ शकते, तर चुंबकी माउंटमुळे कार्डावरची चुंबकी पट्टी खराब होऊ शकते. पार्किंगची पावती किंवा चिठ्ठी पॅडवर पडून राहिली तर धोका नसतो, पण फोन तिरका बसतो. पॅडचा कप्पा म्हणजे सुट्टे पैसे ठेवण्याची जागा नव्हे, हे घरातल्या सर्वांनाच सांगून ठेवावे.

फोनमध्ये मोठे चुंबक असतील, तर कव्हरही त्याच प्रकारचे, म्हणजे आत चुंबकांचे कडे असलेले घ्यावे. साध्या कव्हरमधून चुंबकाची पकड निम्म्याहून ढिली झाल्यासारखी वाटते आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात फोन खाली येतो.

चौथी पायरी: फोन सरकू देऊ नका

कंपनीने बसवलेला सपाट पॅड आणि आपला फोन यांची मापे क्वचितच जुळतात. पॅडमधली कॉइल ठरावीक जागी असते आणि फोनमधली साधारण पाठीच्या मध्यावर असते. लांब फोन कप्प्याच्या कडेला टेकला, की मध्य वर किंवा खाली जातो. आजकालच्या फोनच्या कॅमेऱ्याचा उंचवटा इतका मोठा असतो की फोन पॅडवर सपाट बसतच नाही आणि एका टोकाला फट राहते. ही फट काढण्यासाठी फोन उलट दिशेने, म्हणजे कॅमेरा कप्प्याच्या उघड्या बाजूला येईल असा ठेवून पाहावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

योग्य जागा एकदा शोधून तिथे खूण करून ठेवणे सर्वांत चांगले. गाडी उभी असताना फोन हळूहळू वरखाली आणि डावी-उजवीकडे सरकवावा, चार्जिंगचे चिन्ह कुठे लागते आणि कुठे सुटते ते पाहावे, आणि त्या दोन टोकांच्या बरोबर मधोमध फोन राहील अशा बेताने कप्प्याच्या कडेला फोमची किंवा रबराची पट्टी चिकटवावी. पट्टीत धातूची जाळी किंवा चकचकीत फॉइल नसावे. खाली न घसरणारी चटई टाकायची असेल तर ती एक मिलिमीटरच्या आसपासच असावी, कारण जाड चटई पकड देते पण अंतर वाढवते.

ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या वळणावळणाच्या घाटात सपाट पॅडवर फोन स्थिर राहणे अवघडच असते. ज्यांचा प्रवास अशा रस्त्यांवर नेहमी होतो त्यांनी चुंबकी माउंट किंवा बाजूने पकडणारा होल्डर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटरवर चालणाऱ्या पकडीचा होल्डर घेताना तिचे बाहू फोनच्या आवाजाच्या किंवा पॉवरच्या बटणावर दाब देत नाहीत ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. एसीच्या जाळीवर लावायचा होल्डर हुकाने मागून आवळला जाणारा असावा, कारण नुसत्या चिमट्याचा होल्डर फोनच्या वजनाने झुकतो आणि कालांतराने जाळीच्या पट्ट्या मोडतो.

होल्डरची जागा निवडताना समोरचा रस्ता झाकला जाणार नाही आणि एअरबॅग उघडण्याच्या वाटेत काही येणार नाही, याची खात्री करावी. वाहन चालवताना हातात धरायच्या उपकरणाचा वापर हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गुन्हा आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी मार्ग शोधण्यापुरता वापर, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, मान्य केला आहे. त्यामुळे पत्ता टाकणे, फोन बसवणे आणि चार्जिंग लागल्याची खात्री करणे ही सर्व कामे गाडी हलण्यापूर्वी उरकावीत.

पाचवी पायरी: पॅडला पुरेशी वीज द्या

ही पायरी बाहेरून घेतलेल्या पॅडसाठी आहे, आणि बाहेरून घेतलेल्या पॅडच्या निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. डॅशबोर्डवरचे यूएसबी पोर्ट मूळचे गाणी आणि डेटासाठी दिलेले असते. यूएसबी २.० च्या अशा पोर्टमधून ५ व्होल्टला ०.५ अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट वीज मिळते. त्यावर वायरलेस पॅड जोडला, तर दिवा लागतो, चिन्ह दिसते, पण नकाशा दाखवणारा फोन त्याहून जास्त वीज खातो. परिणामी ‘चार्जिंग सुरू आहे’ असे दिसत असतानाच बॅटरी उतरत जाते.

वायरलेस पद्धतीत साधारण पाव ते एक तृतीयांश ऊर्जा वाटेतच उष्णतेच्या रूपाने जाते. म्हणजे फोनला १५ वॅट हवे असतील तर पॅडला किमान २० वॅट द्यावे लागतात. यासाठी १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये, ज्याला आपण लाइटर सॉकेट म्हणतो, पॉवर डिलिव्हरी ही जलद वीज देण्याची पद्धत असलेला यूएसबी-सी अॅडाप्टर लावावा. त्यावर ९ व्होल्टला २.२२ अँपिअर किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असावा. काही पॅडना क्विक चार्ज ही जलद चार्जिंगची दुसरी पद्धत लागते, त्यामुळे पॅडच्या माहितीपत्रकात कोणती पद्धत सांगितली आहे ते पाहूनच अॅडाप्टर निवडावा. एकाच अॅडाप्टरला दोन-तीन फोन लावले की प्रत्येकाच्या वाट्याची वीज घटते, आणि अॅडाप्टरवरचा मोठा आकडा हा पुष्कळदा सर्व पोर्टची मिळून बेरीज असतो.

केबलकडे दुर्लक्ष करू नये. बारीक तारेच्या दोन मीटर लांब केबलमध्ये व्होल्टेज इतके पडते की पॅड पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होतो. एक मीटरच्या आतली, जाड तारेची केबल घ्यावी आणि ती सीटच्या रुळात किंवा गिअरजवळ चेपली जाणार नाही अशी न्यावी. पॅडसोबत आलेली केबल चालत नसल्याची शंका आली, तर फोनसोबत आलेली चांगली केबल लावून तुलना करावी.

सॉकेटमधला अॅडाप्टर ढिला असेल तर प्रत्येक धक्क्याला संपर्क तुटतो. गाडी बंद असताना सॉकेटच्या तळाशी धूळ किंवा एखादे नाणे तर नाही ना, ते टॉर्चच्या उजेडात पाहावे आणि कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने साफ करावे. आत लोखंडी टोकाची वस्तू कधीही घालू नये. सॉकेट पूर्ण मृत असेल तर त्याचा फ्यूज उडालेला असण्याची शक्यता मोठी असते. तो बदलताना फ्यूज पेटीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचाच नवा फ्यूज घालावा. मोठा फ्यूज घालून काम भागवणे म्हणजे तार जळण्याला निमंत्रण देणे आहे.

वायर दिसू नये म्हणून पॅड कायमचा बसवायचा असेल, तर मूळ तारा कापू देऊ नयेत. फ्यूज पेटीत ‘फ्यूज टॅप’ नावाचा जोड लावून किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवरून वीज घेता येते. डॅशकॅम बसवणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हे काम माहीत असते. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिन नियंत्रणाच्या फ्यूजना हात लावायचा नाही, हे त्याला आधीच सांगावे, आणि गाडी वॉरंटीत असेल तर काम अधिकृत केंद्रातच करून घ्यावे.

सहावी पायरी: उष्णतेचा बंदोबस्त करा

वरच्या पाचही पायऱ्या बिनचूक पार पाडल्या तरी एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात, मराठवाड्यात किंवा खानदेशात चार्जिंग अडखळतेच, आणि त्यामागे फोनची स्वसंरक्षणाची व्यवस्था असते. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक असते, म्हणून फोन त्याआधीच वेग कमी करतो आणि नंतर चार्जिंग थांबवतो. आयफोन वापरताना भोवतालचे तापमान ० ते ३५ अंशांच्या दरम्यान असावे, असे ॲपल सांगते. नागपूर, चंद्रपूर किंवा अकोल्यात उन्हाळ्यात सावलीतच ४५ अंशांच्या आसपास तापमान जाते. काचा बंद केलेली गाडी तासभर उन्हात राहिली की आत त्याहून २० किंवा अधिक अंश चढतात. अशा गाडीत बसताच पॅडवर ठेवलेल्या फोनने चार्जिंग नाकारले, तर तो आपले काम चोख करत आहे असेच समजावे.

फोनला उष्णता तीन बाजूंनी मिळते. वायरलेस चार्जिंगमध्ये वाया जाणारी ऊर्जा नेमकी बॅटरीच्या पाठीशीच तापते. नकाशा, जीपीएस आणि मोबाइल डेटा यांमुळे प्रोसेसर आतून तापतो. डॅशबोर्डवर लावलेल्या फोनवर ऊनही पडते. यात फोनवरचा नकाशा आणि गाणी गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या वायरलेस अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेची भर पडली, की फोनला गाडीशी वाय-फायवरून अखंड संपर्क ठेवावा लागतो आणि तापमान आणखी चढते. वायरलेस चार्जिंग आणि वायरलेस अँड्रॉइड ऑटो ही जोडी सोयीची असली तरी उन्हाळ्यात सर्वांत जास्त त्रास देणारी आहे.

उपाय पुढील क्रमाने करावेत. गाडीत बसल्यावर काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, एसी लावून आत गारवा येईपर्यंत फोन पॅडवर ठेवू नये. तोपर्यंत फोन खिशात किंवा पिशवीत असलेलाच बरा. कव्हर काढावे. नकाशा गाडीच्या पडद्यावर दिसत असेल तर फोनचा पडदा बंद करावा, आणि फोनवरच पाहायचा असेल तर उजेड गरजेपुरता ठेवावा. ज्या भागातून जायचे आहे त्याचा नकाशा घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून घ्यावा, कारण घाटात रेंज क्षीण झाली की टॉवरशी संपर्क ठेवण्यासाठी फोन जास्त वीज खर्च करतो. सॅमसंगच्या फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये जलद वायरलेस चार्जिंग बंद करण्याचा पर्याय असतो. उन्हाळ्यात तो बंद ठेवला तर वेग कमी होतो खरा, पण चार्जिंग मध्येच तुटत नाही आणि लांबच्या प्रवासात एकूण बेरीज पुष्कळदा जास्त भरते.

एसीच्या जाळीवर लावलेल्या माउंटचा मोठा फायदा इथे दिसतो. गार वारा थेट फोनच्या पाठीवर लागतो आणि चार्जिंग अखंड चालते. महाबळेश्वरच्या थंडीत हीटर लावला तर मात्र त्याच जाळीतून गरम हवा येते, तेव्हा ती झडप बंद करावी. कन्सोलच्या खोल कप्प्यात बसवलेल्या पॅडला हवा मिळत नाही. काही गाड्यांत त्यासाठी छोटा पंखा दिलेला असतो आणि त्याच्या तोंडाशी साठलेली धूळ अधूनमधून काढावी लागते.

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबले तर लगेच बिघाड समजू नये. तापल्यावर आयफोन तिथे थांबतो. शिवाय बॅटरी टिकावी म्हणून अनेक फोनमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा आपणच कधीतरी चालू करून ठेवलेली असते.

किल्ली, सेटिंग आणि पॅडवरचा दिवा

चार्जिंग काही क्षण थांबून आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर स्मार्ट किल्लीकडे लक्ष द्यावे. बटण दाबून सुरू होणारी गाडी आपली किल्ली शोधण्यासाठी साधारण १२५ ते १३४ किलोहर्ट्झच्या लहरी वापरते, आणि क्यूआय पॅडही ११० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. दोघांचा गोंधळ होऊ नये म्हणून दार उघडल्यावर किंवा गाडी किल्ली शोधत असताना अनेक गाड्या चार्जिंग क्षणभर रोखतात. हे अपेक्षित वर्तन आहे. किल्ली पॅडजवळच ठेवली असेल तर ‘किल्ली सापडत नाही’ असा इशारा येऊ शकतो. किल्ली खिशात ठेवावी.

ह्युंदाई क्रेटा, किया सेल्टोस, टाटा नेक्सॉन, मारुती ब्रेझा, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० यांच्या वरच्या श्रेणींत पॅड कारखान्यातूनच येतो. अशा गाड्यांपैकी काहींत पडद्यावरच्या सेटिंगमध्ये पॅड चालू-बंद करण्याचा पर्याय असतो आणि सर्व्हिसिंगनंतर तो बंद झालेला आढळू शकतो. पॅडजवळच्या दिव्याचा अर्थ मालकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ह्युंदाई आणि कियाच्या गाड्यांत नारिंगी दिवा स्थिर असेल तर चार्जिंग चालू असते आणि तो लुकलुकला तर अडथळा किंवा बिघाड असतो. लुकलुकताना फोन उचलून पॅड पुसावा, कव्हर काढून फोन पुन्हा मध्यावर ठेवावा आणि तरीही दिवा स्थिर होत नसेल, तर इंजिन बंद करून थोड्या वेळाने सुरू करावे. त्यानंतर फ्यूज आणि शेवटी सर्व्हिस सेंटर.

फोनचे सॉफ्टवेअरही अद्ययावत ठेवावे. २०२३ मध्ये काही गाड्यांत वायरलेस चार्जिंग केल्यानंतर आयफोन १५ मधली एनएफसी (फोन जवळ टेकवून पैसे देण्यासाठी लागणारे तंत्र) आणि ॲपल पेची सोय बंद पडण्याचे प्रकार घडले होते, आणि ॲपलने आयओएस १७.१.१ मध्ये तो दोष दुरुस्त केला. फोनमधील उलट चार्जिंगची, म्हणजे दुसऱ्या उपकरणाला वीज देण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करावी.

मोजून खात्री करा

सर्व बदल केल्यावर अंदाजावर विसंबू नये. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणजे दहा टक्के चढवायला जवळजवळ २ वॅट-तास लागतात. फोनचा स्वतःचा वापर वजा जाता बॅटरीला निव्वळ ५ वॅट मिळत असतील, तर दहा टक्क्यांना २३-२४ मिनिटे लागतील. याच हिशेबाने आपल्या फोनची अपेक्षा ठरवावी. आधी गाडी उभी असताना पडदा बंद ठेवून अर्ध्या तासाची नोंद घ्यावी, मग रोजच्या रस्त्यावर नकाशा चालू ठेवून तितक्याच वेळाची घ्यावी. दोन्ही वेळी बॅटरी ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असावी, कारण ८० च्या पुढे वेग आपोआप मंदावतो. उभ्या गाडीत आकडा चांगला आणि धावत्या गाडीत वाईट आला, तर चौथ्या आणि सहाव्या पायरीकडे परत जावे. दोन्हीकडे वाईट आला, तर अॅडाप्टर आणि केबल बदलून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

केबल केव्हा लावावी

नकाशा चालू असताना बॅटरी आहे तिथे टिकली किंवा सावकाश चढली, तर वायरलेस पॅड उत्तम चालला असे समजावे. समृद्धी महामार्गाने मुंबईहून नागपूरला, म्हणजे ७०१ किलोमीटर, भर उन्हाळ्यात जायचे असेल आणि फोन १५ टक्क्यांवर असेल, तर पॅडचा हट्ट सोडून केबल लावावी. केबलने ऊर्जा कमी वाया जाते, फोन कमी तापतो आणि त्याच केबलवरून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेही चालवता येते. फोन पॅडवर असतानाच केबल लावली तर तो केबलचीच वीज घेतो, त्यामुळे तेव्हा पॅडवरून उचलून ठेवलेलाच बरा.

याउलट पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, भिजलेल्या फोनच्या पोर्टमध्ये ओलावा असल्याचा इशारा येतो आणि केबलने चार्जिंग तासन्‌तास होत नाही. तेव्हा पॅडच उपयोगी पडतो. फोनची पाठ आणि पॅड दोन्ही कोरड्या फडक्याने नीट पुसावे, कव्हर आतून ओले असेल तर काढून ठेवावे आणि मगच फोन पॅडवर ठेवावा. पोर्टमधले पाणी मात्र आपोआप सुकू द्यावे, त्यात काडी, कापूस किंवा हेअर ड्रायर वापरू नये.